बिनतारी घरातली एक तार

दिवाळीची साफसफाई निघाली की गिरगाव-परळच्या घरांत कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर चर्चा होतेच. मोबाईलवर सिनेमा सुरळीत चालतो आणि याच्यावर बँकेचं साधं पान उघडेना, म्हणजे यंत्र म्हातारं झालं, द्या भंगारात, असा निकाल लागतो. निकाल देणाऱ्यांनी साक्षीदार मात्र तपासलेला नसतो. सीपीयू उचलून राउटरशेजारी ठेवा आणि लॅनच्या तारेने थेट जोडा. तारेवर पान पटकन उघडलं तर कॉम्प्युटर निर्दोष. दोष मधल्या हवेत आहे. तारेवरही रखडलं तर हार्ड डिस्क आणि रॅमकडे बघायला हवं. बरेचदा जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तरी यंत्र चालू लागतं. माझं म्हणणं एवढंच, की जुन्या डेस्कटॉपला घराबाहेर काढण्याआधी वाय-फायबाहेर काढावं.

याचं पहिलं कारण आपल्या इमारतींत आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या त्या काँक्रीटच्या. खोली १६० चौरस फुटांची, पण भिंतीत लोखंडाच्या सळ्या. गिरगावातल्या जुन्या चाळींचा सांगाडा सागवानी, मजल्यांना तुळया आणि फळ्या. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा शिवाजी पार्कला जाड विटांच्या भिंती आणि लांबट घरं. वाय-फायची लहर लाकडातून बऱ्यापैकी पार होते, विटेत दमते आणि लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये बरीचशी अडकते. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी; भिंतीपुढे दुसरी लवकर हार मानते. त्यात केबलवाला फायबर दारातून आत घेतो आणि राउटर तिथेच, चौकटीच्या वर ठोकून जातो. डेस्कटॉप मात्र दुसऱ्या टोकाला, पोटमाळ्याखाली, लोखंडी कपाटाला खेटून. वाय-फायचा यूएसबी अडॅप्टर खोचलेला असतो सीपीयूच्या पाठीमागे, म्हणजे पत्र्याचा डबा आणि भिंत यांच्या फटीत. तिथे लहर पोचली तरच नवल.

दुसरं कारण गर्दीचं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि स्वस्त उपकरणं सगळी तिथेच आली. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. लालबागच्या चाळीत एका मजल्यावर खोल्या ओळीने लागलेल्या, दारं दिवसभर गॅलरीत उघडी आणि बहुतेक घरांत स्वतंत्र राउटर. तीन चॅनल इतक्या घरांना कुठून पुरणार? ५ गिगाहर्ट्झला जागा बरीच आहे, आणि तिथे जाड भिंत चक्क उपकारक ठरते, कारण शेजाऱ्याची लहर तिच्यापलीकडेच राहते. एका खोलीच्या घरात मोबाईल आणि टीव्हीसाठी हाच पट्टा योग्य. पण जुन्या डेस्कटॉपचं कार्ड बहुधा फक्त २.४ ओळखतं.

तिसरं कारण सर्वांत कमी बोललं जातं. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. चाळीच्या सार्वजनिक नळावर बारीक तोंडाचा कॅन घेऊन कुणी बसलं की मागच्या रुंद हंड्यांनाही थांबावं लागतं, तसाच हा प्रकार. वाय-फायच्या २००३ च्या मानकाचं कार्ड कागदोपत्री सेकंदाला ५४ मेगाबिट देतं, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यालाही मुश्किलीने पोचतं, आणि भिंतीआडून तर आणखी घसरतं. तेवढ्याच माहितीला ते जास्त वेळ हवा अडवून ठेवतं, आणि त्याच चॅनलवरचे घरातले नवे फोन ताटकळतात. म्हणजे डेस्कटॉप तारेवर नेला तर फायदा सगळ्या घराचा. साध्या कॅट-५ई तारेतून शंभर मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग जातो. जुन्या यंत्राचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचं असलं, तरी घरगुती कामाला ते पुरून उरतं.

यावर पहिला आक्षेप घरच्यांचा: पुन्हा वायरींचं जंजाळ? शिवाय पागडीच्या खोलीत भिंत फोडायची तर मालकाची कटकट. भिंत फोडावी लागत नाही. इलेक्ट्रिशियन दिव्याच्या वायरीसाठी लावतो तीच केसिंग-पट्टी माळ्याच्या कडेने नेली की तार दिसतही नाही. फक्त विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीत ती कोंबू नये. दुसरा आक्षेप, की रिपीटर लावला की काम भागतं. साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनलवर, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो आणि गर्दीत एकाची भर पडते. दादरच्या लांब घरात खरंच दुसरं यंत्र हवं असेल, तर तेही तारेने जोडून अॅक्सेस पॉइंट म्हणून चालवावं. तार अशक्यच असेल तर दोन्ही पट्टे ओळखणारा अडॅप्टर घ्यावा आणि यूएसबीच्या एक्स्टेन्शन तारेने तो टेबलाच्या वर, मोकळ्या जागी आणावा. ही तार फार महाग नाही, आणि महागड्या राउटरपेक्षा बरेचदा तीच जास्त काम करते.

सुरक्षेचा आक्षेप मात्र वजनदार आहे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ जुन्या यंत्रांना सहसा स्वीकारत नाही. दुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे सरळ मान्य. पण त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसते, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही तिच्यात आहे. पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, सोसायटीचे हिशेब यांना ती पुरते. जुनं यंत्र वीज जास्त खातं, हा आक्षेपही खरा आहे: मॉनिटरसह शंभर वॅट धरले आणि रोज चार तास वापर, तर महिन्याला बारा युनिट. लॅपटॉप यापेक्षा कमी खातो. पण तेवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेणं हिशेबात बसत नाही. डबा मॉनिटर असेल तर तो मात्र खुशाल भंगारात द्या.

राहिला वाय-फायचा पासवर्ड. गणपतीत आलेल्या प्रत्येकाला तो सांगितला जातो आणि वर्षभर तोच राहतो. पाहुण्यांसाठी राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू करा आणि मूळ नेटवर्कची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३ वर ठेवून त्याचा पासवर्ड बदला. जोडणी ज्याच्या नावावर, चौकशी आधी त्याच्याच दारात येते. आणि तारेच्या खरेदीला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दाराजवळच्या राउटरपासून टेबलापर्यंतचं अंतर टेपने मोजा, दोन मीटर जास्त धरा आणि सीपीयूच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून न्या.