उतरते छप्पर, ओला पत्रा आणि बुटाचा तळ

बहारीनच्या मुहर्रक बेटाच्या आग्नेय टोकाला वसलेल्या हिद्दमधील जुनी घरे सपाट गच्चीची असली, तरी १९७७ मध्ये सुरू झालेली जहाजदुरुस्तीची गोदी आणि २००९ पासून चालू असलेले खलिफा बिन सलमान बंदर यांच्या परिसरातील गोदामांवर नालीदार पत्र्याची उतरती छपरे दिसतात. कोकणातील कौलारू घरांच्या तुलनेत अशा छपरांचा उतार बहुधा सौम्य असतो. परंतु पाय निसटणे हे केवळ उतारावर अवलंबून नसते.

पायाखालचा पृष्ठभाग आणि बुटाचा तळ यांच्यातील पकड घर्षणांकाने मोजतात. घर्षणबलाला पृष्ठभागावरील लंब बलाने भागले की हा अंक मिळतो, आणि उतारावर नुसते स्थिर उभे राहण्यासाठी तो उताराच्या चढ-आडवे प्रमाणाएवढा तरी असावा लागतो. दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या पत्र्यावर ०.१ पुरतो, तीस अंशांच्या छपरावर सुमारे ०.५८ लागतो आणि पंचेचाळीस अंशांवर थेट १. चालताना, विशेषतः खाली उतरताना, टाच पुढे ढकलली जात असल्याने ही गरज आणखी वाढते. अमेरिकेच्या बांधकाम सुरक्षा नियमांत बारा फुटांत चार फुटांहून अधिक चढणारे, म्हणजे साधारण साडेअठरा अंशांपलीकडचे छप्पर ‘तीव्र उताराचे’ मानले जाते.

हिद्दची खरी अडचण मिठाची आहे. समुद्रावरून येणारे क्षार पत्र्यावर साचतात, आणि खाण्याचे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी शोषून विरघळू लागते. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होतो, तेव्हा त्यावर दवही धरते. या ओलाव्यात वाळवंटी धूळ मिसळली की तळ आणि पत्रा यांच्यामध्ये निसरडा राडा तयार होतो. बहारीनमध्ये २००७ पासून ऐन उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ या वेळेत उन्हात काम करण्यास बंदी आहे. उष्माघात टाळणारा हा नियम योग्यच आहे, मात्र त्यामुळे छपरावरचे काम पहाटेकडे सरकते आणि पत्रा सर्वाधिक ओला असतो तीही हीच वेळ असते.

बुटावरची खूण पाहून निर्धास्त होणे येथे चुकीचे ठरते. सुरक्षा पादत्राणांच्या ‘आयएसओ २०३४५’ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत साबणपाणी लावलेल्या चिनी मातीच्या लादीवर पंजाच्या भागासाठी किमान ०.३६ घर्षणांक अपेक्षित आहे, आणि ग्लिसरीनवरील अधिकची चाचणी उत्तीर्ण झाल्यास ‘एसआर’ हे चिन्ह मिळते. चाचणीची लादी सपाट असते. क्षारांनी माखलेला रंगीत पत्रा तिच्यासारखा वागेलच असे नाही. शिवाय ०.३६ हा अंक उतारात मांडला तर तो जेमतेम वीस अंशांचा होतो.

मग तळ कसा असावा? रबर मऊ असेल तर ते पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत दबून चिकटते, म्हणून पकड वाढते, पण झीजही लवकर होते. चिखलासाठी केलेले खोल, विरळ दात गुळगुळीत पत्र्यावर उपयोगाचे नसतात, कारण प्रत्यक्ष टेकणारे क्षेत्रफळ घटते आणि भोके पाडताना उडालेला लोखंडी कीस फटींत अडकून पत्रा ओरखडतो. बारीक खाचांचा, पाणी बाहेर सारणारा सपाट तळ सरस ठरतो. खिळ्यांपासून बचावासाठी पोलादी पात घातलेला तळ ताठ होतो, त्याऐवजी विणलेल्या तंतूंचा थर असल्यास तो पत्र्याच्या नाल्यांप्रमाणे वाकतो. पॉलियुरेथेनचा तळ हलका असला, तरी दमट उष्णतेत त्याची रासायनिक साखळी तुटत जाते आणि न वापरता ठेवलेला बूटही अचानक चिरफळतो. भर उन्हात तापलेल्या पत्र्यासाठी उष्णतारोधक रबर बरे. कोकणात घर शाकारणाऱ्यांची अनवाणी चढण्याची रीत, जिच्यात बोटेच कौलाचा अंदाज घेतात, या पत्र्यावर चालणारी नाही.

छपरात उजेडासाठी बसवलेले अर्धपारदर्शक पत्रे उन्हाने ठिसूळ होतात आणि धुळीखाली ओळखूही येत नाहीत. तेथे पाय घसरत नाही, तर आरपार जातो, आणि त्यावर उपाय आडव्या फळ्या, जाळी व भक्कम खुंटीला बांधलेला सुरक्षापट्टा एवढाच असतो.