बॅटरी ‘आपोआप चार्ज’ होते का?

स्कूटरचा स्टार्टर दोन-तीनदा कण्हतो आणि गप्प होतो. दहा मिनिटं थांबून पुन्हा बटण दाबलं की गाडी चालू होते. ‘बॅटरी तेवढ्यात जरा चार्ज झाली’ असं आपण सहज म्हणतो. पण चार्ज कणभरही वाढलेला नसतो.

लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटा सच्छिद्र असतात. मोठा करंट ओढला की छिद्रांमधलं सल्फ्युरिक आम्ल पातळ होत जातं, आणि बाहेरचं दाट आम्ल आत झिरपायला वेळ लागतो. आपण थांबतो तेव्हा एवढंच घडतं. विद्युतरसायनशास्त्रात हे सर्किट काढून मांडतात: एक व्होल्टेज देणारा स्रोत, त्याला जोडून एक रोध, आणि पुढे रोध व कॅपॅसिटर यांची समांतर जोडी. भार काढताक्षणी व्होल्टेज जी उडी मारतं ती पहिल्या रोधामुळे. त्यानंतर ते सावकाश चढतं ते जोडीमुळे. या सर्किटला समतुल्य परिपथ म्हणतात.

मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी ठणठणीत, हा समजही याच चित्रावर तपासून पाहा. डिजिटल मीटरचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो. तो बॅटरीकडून सव्वा मायक्रोअँपिअरच मागतो, त्यामुळे आतला रोध 0.02 ओहम असो वा 0.5 ओहम, आकडा तोच येतो. स्टार्टरने 100 अँपिअर मागितले की पहिल्या बॅटरीचं व्होल्टेज 10.6 वर येतं आणि इंजिन फिरतं. दुसरी थेट शॉर्ट केली तरी साधारण 25 अँपिअरच्या वर जाणार नाही.

मग बॅटरी फोडली तर आत कॅपॅसिटर सापडेल का? सुटा भाग म्हणून नाही, पण तो निव्वळ कल्पनेतलाही नाही. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार आणि त्याला बिलगलेले द्रावणातले आयन यांच्यात एक नॅनोमीटरहूनही कमी अंतर असतं. हा दुहेरी थर दर चौरस सेंटिमीटरला काही दशक मायक्रोफॅरड धारिता देतो. जॉन रँडल्स यांनी 1947 साली हा थर, अभिक्रियेचा रोध आणि द्रावणाचा रोध एका सर्किटात बसवले. आजही विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतात. आयनांच्या विसरणासाठी मात्र वेगळा घटक लागतो. तो एमिल वॉरबुर्ग यांच्या 1899 च्या कामातून आला. त्यातून उलटसुलट बदलणारा करंट सोडला, तर करंट आणि व्होल्टेज यांच्यातला कलाकोन प्रत्येक वारंवारतेला 45 अंशच राहतो. असा घटक बाजारात विकत मिळत नाही, आणि मोजके रोध व कॅपॅसिटर जोडून तो तंतोतंत बनवताही येत नाही.

सर्वांत घातक गैरसमज मला वेगळाच वाटतो: आलेख मोजमापांवर चपखल बसला म्हणजे सर्किट खरं. दोन कॅपॅसिटर आणि तीन रोध वेगवेगळ्या रीतीने जोडून प्रत्येक वारंवारतेला हुबेहूब तोच प्रतिसाद देणारी निरनिराळी सर्किटं काढता येतात. आलेख त्यांच्यात निवड करू शकत नाही. शिवाय भाग वाढवत गेलं की काहीही जुळतं. म्हणून सेललाच प्रश्न विचारावा लागतो. द्रावण पातळ केलं तर ज्याला आपण द्रावणाचा रोध म्हटलं तोच वाढला का? ढवळल्यावर विसरणाचाच घटक बदलला का? असं घडलं नाही, तर भागाला दिलेलं नाव चुकलेलं असतं. हे तपासल्याविना रोधाच्या आकड्यावरून गंजाचा वेग किंवा बॅटरीचं उरलेलं आयुष्य सांगू नये.

या भागांची मूल्यंही कायमची नसतात. इलेक्ट्रोडवरचा करंट व्होल्टेजबरोबर घातांकी वेगाने वाढतो, म्हणून मोजताना साधारण 10 मिलिव्होल्टचाच हलका धक्का देतात; तेवढ्या पट्ट्यात वक्ररेषा सरळ मानता येते. थंडीत अभिक्रियेचा रोध वाढतो, बॅटरी रिकामी होत आली की आकडे पुन्हा बदलतात. त्यामुळे अशा सर्किटाच्या आधाराने विद्युत वाहनातला उरलेला चार्ज काढायचा, तर तापमान आणि चार्ज यांप्रमाणे बदलणारा मूल्यांचा तक्ता सोबत ठेवावा लागतो.