इंजिनाचा जोर आणि चिखलाची पकड

जून महिन्याच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस पूर्व विदर्भात स्थिरावला, की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. मे महिन्यात धुळीचे लोट उठविणारा मुरमाचा रस्ता दोन-चार सरींत निसरडा होतो, नाल्यांवरचे रपटे पाण्याखाली जातात आणि पांदण रस्त्यांवर पाय ठेवणेही अवघड होते. शहरातून आलेली एखादी भरभक्कम, महागडी गाडी अशा रस्त्यावर रुतून बसलेली आणि धानाच्या बांधीतून निघालेला ट्रॅक्टर तिच्या बाजूने संथपणे पुढे गेलेला, हे दृश्य या भागात नवे नाही. त्या गाडीच्या इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरच्या तिप्पट-चौपट असू शकते. बहुतेक ट्रॅक्टरांप्रमाणे तिलाही मागच्याच चाकांतून गती मिळत असते. तरीही एक वाहन रुतते आणि दुसरे निघून जाते. हे का घडते, ते समजून घेतले तर पावसाळ्यातील अनेक अपघात आणि रात्र-रात्रभराचा खोळंबा टळू शकतो.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी

मोटारीचे इंजिन सर्वच चाके फिरवते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शहरांत दिसणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो. याउलट जुनी अ‍ॅम्बेसेडर, १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, २००० मध्ये आलेली महिंद्र बोलेरो, २००२ मधील स्कॉर्पिओ, एसटीच्या बसगाड्या आणि मालमोटारी या साऱ्यांमध्ये तो लांब दांड्यावाटे मागच्या चाकांपर्यंत जातो. टोयोटा फॉर्च्युनरसारख्या उंच आणि शक्तिमान गाडीच्याही ज्या प्रकारात चारही चाकांना गती देण्याची सोय नसते, त्यात मागचीच चाके गाडी ढकलतात. गाडी दिसायला दणकट आणि जमिनीपासून उंच आहे, एवढ्यावरून ती चारही चाकांवर चालते असे मानणे ही चिखलातील पहिली चूक ठरते.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओझ्यासाठी उत्तम असते. माणसे व माल मागे बसतात, भार मागच्या चाकांवर येतो आणि त्यांची जमिनीवरील पकड वाढते. चढावरही भार मागे सरकत असल्याने ही रचना उपयोगी पडते. ग्रामीण भागातील प्रवासी जीप आणि काळी-पिवळी टॅक्सी वर्षानुवर्षे याच रचनेवर चालत आल्या, त्याचे हे एक कारण आहे. मात्र गाडी रिकामी असेल तर चित्र उलटते. इंजिनाचे वजन पुढे, गती मिळणारी चाके मागे आणि त्यांच्यावर भार कमी, अशी स्थिती होते.

बर्फाचे गणित, चिखलाचे गणित

युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत मागच्या चाकांवर चालणारी शक्तिमान गाडी हिवाळ्यात कशी चालवावी, हा जुना चर्चेचा विषय आहे. विदर्भात बर्फ पडत नाही. पण तेथे बर्फ जे करतो, ते येथे चिखल करतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो आणि ओल्या चिकणमातीवरही जवळपास तेथेच येतो. वरोरा-भद्रावतीकडील काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते व टायरच्या खाचांत घट्ट भरते. खाचा भरल्या, की नवा टायरही गुळगुळीत टायरसारखा घसरू लागतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, १,६०० किलो वजनाच्या जीपगाडीचा ४५ टक्के, म्हणजे ७२० किलो भार मागच्या चाकांवर आहे. घर्षणांक ०.३ असेल तर ही चाके जमिनीला जास्तीत जास्त २१६ किलोचा रेटा देऊ शकतात. अशा गाडीचे इंजिन पहिल्या गिअरमध्ये चाकांपर्यंत आठशे-नऊशे किलोचा जोर सहज पोचवू शकते; पण जमीन त्यातील २१६ किलोच स्वीकारते आणि उरलेला जोर चाक जागच्या जागी फिरविण्यात जातो. आता घोटाभर चिखलातून गाडी पुढे ढकलण्यास तिच्या वजनाच्या १२ टक्के जोर लागतो असे धरले, तर १९२ किलो तेथेच खर्च होतात. हाती उरतात फक्त २४ किलो. वीस मीटरला एक मीटर इतका साधा चढ आला तरी आणखी ८० किलो जोर हवा, आणि तो मिळण्याचा मार्ग नसतो.

याच गाडीच्या मागच्या भागात ३०० किलोची माणसे वा माल असेल आणि त्यातील २५० किलो भार मागच्या चाकांवर येत असेल, तर रेटा २९१ किलोपर्यंत वाढतो. चिखलाचा अडसर २२८ किलोंचा होतो आणि शिल्लक ६३ किलोंवर जाते. थंड प्रदेशांत हिवाळ्यात गाडीच्या मागच्या भागात वाळूची पोती ठेवण्याची प्रथा आहे, तिचे मर्म हेच. मात्र हा भार मागच्या आसाच्या वर आणि शक्य तितका खाली असावा. टपावर चढविलेले ओझे पकड थोडी वाढवत असले, तरी गाडी कलंडण्याचा धोका त्याहून अधिक वाढवते. शिवाय जमीन फारच मऊ असेल तर जादा भाराने चाक आणखी खोल जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

ट्रॅक्टर का रुतत नाही, याचे उत्तर याच गणितात आहे. त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा मागच्या प्रचंड चाकांवर असतो. अनेक शेतकरी त्या टायरांत पाणी भरून भार आणखी वाढवतात. टायर रुंद, आतली हवा कमी दाबाची आणि खाचा इतक्या खोल, की फिरताना चिखल आपोआप बाहेर फेकला जातो. शिवाय त्याची चाके सावकाश फिरतात. टायर जमिनीला धरून असतो तोवर मिळणारी पकड तो घसरू लागला की कमी होते. म्हणून फसलेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहणे म्हणजे असलेली पकडही घालविणे होय.

उतार, रपटा आणि चढ

या जिल्ह्यांच्या अंतर्भागातील प्रवास म्हणजे एकामागून एक येणारे नाले. प्रत्येक नाल्यावर उतार, रपटा आणि चढ असे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर चालकाने वेगळी काळजी घ्यावी लागते.

उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय निसरड्या उतारावर जिवावर बेतू शकते. त्याचबरोबर उतारावर अचानक गिअर उतरवून क्लच झटक्याने सोडणेही घातक आहे. अशा वेळी इंजिनाचा सारा अटकाव फक्त मागच्या चाकांवर येतो. उतारावर भार आधीच पुढे सरकलेला असल्याने ती हलकी झालेली असतात. ती घसरतात आणि गाडी आडवी होते.

रपट्यावर पाणी वाहत असेल तर आत जाण्याचा विचारच करू नये. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी लहान मोटारीला ढकलू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. पाण्यात गाडीचा मागचा हलका भाग लवकर तरंगू लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची गती नेमकी त्याच क्षणी नाहीशी होते. पाणी ओसरल्यावरही सिमेंटच्या पृष्ठभागावर गाळ आणि शेवाळ राहते. त्यामुळे खाली उतरून, काठीने चाचपून, रपट्याची कड शाबूत आहे याची खात्री करूनच गाडी पुढे न्यावी.

चढावर थांबत-थांबत जाणे टाळावे. रस्ता आधी पायी पाहून घ्यावा, समोरून वाहन येत नसल्याची खात्री करावी आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या गतीने, स्टिअरिंग शक्य तितके सरळ ठेवून चढ पार करावा. डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांतही पुरेसा जोर असतो, त्यामुळे दुसरा गिअर चालतो आणि चाकांवर झटका येत नाही.

रोवणीच्या दिवसांत आणखी एक धोका असतो. बांधीतून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखलाचा पातळ थर सोडून जातात. वर पावसाची भुरभुर पडली, की ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीला तो थर वळणावर अचानक भेटतो. अवजड मालमोटारींचेही असेच. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज वाहून नेणाऱ्या मालमोटारी भरलेल्या असताना मागच्या चाकांवर घट्ट उभ्या असतात. परतीच्या रिकाम्या फेरीत मात्र हलका झालेला मागचा भाग जोरदार ब्रेक लावताच भरकटू शकतो. अशा वाहनापासून अंतर ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मागचा भाग घसरला तर

वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू लागला, की पाय आपोआप ब्रेककडे जातो. तसे न करता अ‍ॅक्सिलरेटर हलकेच सोडावा आणि मागचा भाग ज्या बाजूला सरकत असेल त्याच बाजूला स्टिअरिंग वळवावे. पकड परत मिळताच स्टिअरिंग लगेच सरळ करावे. अन्यथा गाडी विरुद्ध बाजूला तितक्याच जोराने फेकली जाते. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस ही चाके जखडू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिच्यामुळे ब्रेक लावतानाही गाडी वळविता येते, परंतु सैल मातीत वा खडीवर गाडी थांबण्याचे अंतर त्यामुळे कमी होतेच असे नाही. यंत्रणेवर भिस्त ठेवून वेग वाढविणे म्हणूनच योग्य नव्हे.

रुतल्यानंतर

चाक जागच्या जागी फिरू लागताच थांबावे. प्रत्येक फेऱ्याबरोबर ते खोल जाते आणि अखेरीस मागच्या आसाचा मधला फुगीर भाग चिखलावर टेकतो. या भागात डिफरन्शियल असते. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटून देणे हे त्याचे काम. पण साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले, की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. काही नव्या गाड्यांत ही उणीव दूर करणारी सोय असते. ती नसेल आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल, तर तो एक-दोन दाते ओढून हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दिल्यास फिरणाऱ्या चाकाला अटकाव होतो आणि दुसऱ्या चाकापर्यंत थोडा जोर पोचतो.

पुढे जाण्याचा हट्ट सोडून आलेल्या चाकोरीतूनच मागे निघण्याचा प्रयत्न आधी करावा. चाकापुढचा चिखल काढून तेथे दगड, पऱ्हाट्या, तुराट्या किंवा बांबूचे तट्टे घालावेत. काश्मीरमध्ये तंगमर्गहून गुलमर्गला चढणाऱ्या गाड्यांच्या चाकांना हिवाळ्यात साखळ्या बांधतात, त्यामागेही टायरला धरायला काहीतरी खडबडीत देणे हाच हेतू असतो. टायरमधील हवा कमी केल्यास त्याचा जमिनीवरील ठसा मोठा होतो व पकड वाढते. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पूर्ववत भरणे आवश्यक आहे. गाडी ढकलणाऱ्यांनी फिरणाऱ्या चाकाच्या सरळ मागे उभे राहू नये. तट्टा किंवा दगड तेथूनच उसळून येतो.

थांबण्याचा निर्णय

या साऱ्याकडे केवळ वाहनकौशल्य म्हणून पाहता येत नाही. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्याचे महिने हा भाग बाहेरच्या जगापासून तुटलेला असे. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, नंतर पूल आणि डांबरी रस्तेही वाढले. तरीही २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी भामरागडच्या बाजारपेठेत शिरले आणि गावाचा संपर्क तुटला. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पण रस्ताच संपतो तेथून रुग्णाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला खाटेची कावड करून आणावे लागते.

एखाद्या अरुंद रस्त्यावर रुतलेली एक गाडी मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनाची वाट अडवते. त्या रांगेत एसटी असते, धान्याची मालमोटार असते आणि कधी रुग्णवाहिकाही असते. पर्यटनासाठी किंवा कामासाठी आलेल्या चालकाने पुराच्या पाण्याशी वा चिखलाशी घेतलेली पैज त्यामुळे त्याची एकट्याची राहत नाही. जंगलातील अनेक लहान नाल्यांचे पाणी पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरते. पलीकडे जावे की थांबावे, हे जवळच्या गावातील चालक पाण्याचा रंग आणि काठावरची खूण पाहून सांगू शकतो. त्याने थांबा म्हटले, तर गाडीचे इंजिन कितीही शक्तिमान असो, ते बंद करून थांबावे.