दर्शनी रूपाची राखण
मुंबईत १९९५ साली लागू झालेल्या वारसा नियमावलीनुसार, यादीतील वास्तूचे बाह्य रूप बदलायचे झाल्यास प्रस्ताव वारसा संवर्धन समितीपुढे, म्हणजे महापालिका आयुक्तांना सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ मंडळापुढे, जातो. श्रेणी एकच्या वास्तूत मजबुतीसाठी अपरिहार्य तेवढाच हस्तक्षेप चालतो. श्रेणी दोनमध्ये आतील बदलांना काहीशी मोकळीक असते आणि श्रेणी तीनमध्ये ती आणखी वाढते. गिरगावातील खोताच्या वाडीत लाकडी कठडे, बाहेरून चढणारे जिने आणि उतरती कौलारू छपरे हीच घरांची ओळख असल्याने, तेथे जुन्या लाकडी खिडकीच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची सरकती तावदाने बसवणे ही किरकोळ दुरुस्ती म्हणता येत नाही. जुने रूप सांभाळण्याचा खर्च मात्र बहुधा मालकाच्याच माथी येतो, आणि या व्यवस्थेची खरी उणीव तीच आहे.