लेकराची 'पसली' चालू लागते तेव्हा

ताप आला तर कपाळाला हात लावून कळते. जुलाब झाले तर दुपटी सांगतात. श्वासाचे तसे नाही. दिवसभर खेळलेले मूल रात्री दोनच्या सुमारास घरघरू लागते, पोट भराभर वरखाली होते, आई उठून बसते. सकाळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत तेच मूल डॉक्टरांचा स्टेथोस्कोप ओढून हसत असते. "साधी सर्दी आहे" असे ऐकून आई घरी परतते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच रात्र.

तोवर घरात मते तयार झालेली असतात. सासूबाई म्हणतात नजर लागली, शेजारीण म्हणते बालदमा, दीर म्हणतो उगाच घाबरतेस. मुलाचे अब्बा कुवेत किंवा दम्मामला असतील तर "आत्ता न्यायचे की सकाळी?" हा निर्णय फोनवर होतो. या सगळ्यात जातो तो वेळ, आणि श्वासाच्या दुखण्यात वेळच सर्वांत महाग असतो.

या लेखात आम्ही रोगाचे नाव शोधणार नाही. ते काम डॉक्टरांचे आहे. पाच वर्षांखालच्या मुलात त्यांनाही नाव निश्चित करायला कधी कधी महिने लागतात. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की नाव कळायच्या आधीही घराच्या हातात बरेच काही असते, आणि काही खुणा दिसल्यावर नाव कळण्याची वाट पाहायचीच नसते.

दादीची नजर खरी होती

आपल्या घरांतल्या जुन्या बायका बाळाकडे पाहून म्हणत, "बच्चे की पसली चल रही है." मराठीत कोणी 'पोट उडतंय' म्हणते, कोणी 'डबा झाला' म्हणते. श्वास आत घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, ही ती खूण. आज डॉक्टर न्यूमोनिया ओळखताना बाळाचे कपडे वर करून हीच खूण पाहतात. दादी-नानीची नजर अचूक होती. चूक होती ती त्यानंतरच्या उपायात. छातीवर बिब्बा, पोटावर डाग, नाकात कोमट तेल. बिब्ब्याने आणि डागाने कातडी जळते, आजार आत तसाच राहतो. नाकात घातलेले तेल तर फुप्फुसात उतरून स्वतःच न्यूमोनियासारखा आजार करू शकते.

म्हणून नजर दादीची ठेवावी आणि तिला घड्याळाची जोड द्यावी. मूल शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना, छाती-पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही; मध्ये पाच-दहा सेकंद थांबून तो पुन्हा भराभर सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले तर श्वास वेगवान समजावा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा एकदा मोजावा. श्वास वेगवान असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काही खुणा मात्र त्याच घटकेला निघायच्या आहेत. पसली आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, मूल शांत असतानाही श्वास घेताना कर्कश आवाज येणे, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, श्वास वीस सेकंदांपर्यंत थांबणे, दूध ओढता न येणे, प्यायलेले सगळे उलटून पडणे, आकडी येणे, हाक मारूनही मूल न उठणे. यांपैकी एक जरी दिसली तरी फोनवर विचारणा, सासऱ्यांची झोपमोड, रिक्षाचे भाडे हे सगळे नंतरचे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. ती बोलावण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. ही गोष्ट घरातल्या कर्त्या माणसांनी सुनेला आधीच, चांगल्या दिवशी, स्पष्ट सांगून ठेवावी. मध्यरात्री तिने विचारायला यावे अशी वेळ आणू नये.

कोविडच्या काळात घेतलेले बोटाचे ऑक्सिमीटर अनेक घरांत पडून आहे. ते मोठ्यांच्या बोटासाठी असते. बाळाच्या इवल्या बोटावर त्याचा आकडा फसवा येतो. आकडा चांगला दिसला म्हणून वरच्या खुणांकडे डोळेझाक करू नये.

डॉक्टरांपुढे मूल ठीक दिसते तेव्हा

सर्वांत जास्त चिंता देणारी मुले ही. त्रास येतो आणि जातो, तपासणीत काहीच सापडत नाही. अशा वेळी आईच्या शब्दाला पुराव्याची जोड हवी, आणि तो पुरावा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. त्रास सुरू झाला की दिवा लावून, मुलाचा सदरा काढून, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असे अर्ध्या मिनिटाचे चित्रण मोबाईलवर करावे. आवाजही त्यात येऊ द्यावा. श्वास आत घेतानाचा कर्कश आवाज बहुधा घशाकडचा असतो आणि बाहेर सोडतानाची शीळ छातीतली. हा फरक डॉक्टर त्या चित्रणातून ओळखू शकतात. धोक्याची खूण असेल तर मात्र चित्रणासाठी थांबू नये.

सोबत एक वही ठेवावी. त्रास किती वाजता झाला, झोपेत की जागेपणी, दूध पिताना की हसता-धावताना, घरात धूर होता का, भिंतीला ओल आहे का, ताप होता का. महिनाभराच्या अशा नोंदी नुसत्या "सारखे आजारी असते" या वाक्यापेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगाच्या असतात. दूध पिताना थांबून थांबून धापणारे, कपाळावर घाम येणारे आणि वजन न वाढणारे बाळ असेल तर हृदय तपासावे लागते. रोज घोरणारे, तोंड उघडे टाकून झोपणारे मूल असेल तर नाकामागची वाढलेली गाठ पाहावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात अंगणवाडीत आणि शाळेत येणारे पथक मुलांची मोफत तपासणी करते आणि जन्मजात हृदयदोष आढळल्यास पुढच्या उपचारांसाठी पाठवते. पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

अचानक आलेला खोकला

ताप नाही, सर्दी नाही, आणि खेळता खेळता किंवा खाता खाता मुलाला एकाएकी ठसका लागला. थोड्या वेळाने ठसका थांबला, पण त्या दिवसापासून खोकला आणि शीळ काही जात नाही. अशा वेळी श्वासनळीत काही अडकले असण्याची शक्यता डॉक्टरांना मुद्दाम सांगावी. शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची बी, चिंचोका, मणी हे नेहमीचे गुन्हेगार. शेंगदाणा साध्या एक्स-रेत दिसत नाही. म्हणून "फोटो चांगला आला" एवढ्यावर समाधान मानू नये, ठसक्याची हकीकत सांगावीच. ईदच्या शिरखुर्म्यातले बदाम, पिस्ते आणि चारोळी लहानांच्या वाटीत बारीक कुटूनच जावे. नियाजच्या तबरुकातले चणे-फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे देऊ नयेत.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच निघेना, चेहरा निळा पडू लागला तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. वर्षावरच्या मुलाला पाठीवर पाच थापा दिल्यावर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर पाच झटके द्यावेत. अडकलेली वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे आणि दुसऱ्याने तोवर 108 ला फोन करावा. मूल निपचित पडले तर फोनवरच्या माणसाला लगेच तसे सांगून तो सांगेल तसे करावे. घशात आंधळेपणाने बोट घालू नये. वस्तू आणखी खाली जाते.

रडता रडता निळे पडणारे मूल

हट्ट मोडला, मूल रडले, श्वास रोखला गेला, ओठ निळे झाले, अंग सैल पडले आणि मिनिटभरात पुन्हा पूर्ववत. साया, जिन्न, फिट असे सगळे विचार एका क्षणात येतात. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांत असे श्वास रोखण्याचे प्रकार बऱ्यापैकी आढळतात आणि वयाबरोबर जातात. मुलाला कुशीवर झोपवावे, हलवू-झटकू नये, तोंडात पाणी घालू नये. पहिल्यांदा झाले की डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासावे, कारण लोहाची कमतरता असलेल्या मुलांत हे जास्त दिसते आणि लोहाच्या औषधाने अनेकदा कमी होते. रडणे नसताना, झोपेत किंवा धावताना असे झाले, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर मात्र हा साधा प्रकार समजू नये.

पंपाची भीती

बालदमा ठरला आणि डॉक्टरांनी पंप लिहून दिला की घरात शांतता पसरते. "सवय लागेल", "मोठ्यांचे औषध आहे", आणि मूल मुलगी असेल तर हलक्या आवाजात, "उद्या लग्नाच्या वेळी कोणाला कळले तर?" मग पंप कपाटात जातो आणि पातळ औषधाची बाटली येते.

हिशेब उलटा आहे. सालब्युटामॉल पंपाच्या एका दाबात साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये, 2 मिलिग्रॅम. म्हणजे वीस दाबांइतके. सिरप पोटातून सगळ्या शरीरात फिरते, मूल थरथरते, छाती धडधडते. पंपाचे थोडे औषध थेट जिथे हवे तिथे पोहोचते. लहान मुलाला तो स्पेसर आणि मास्क लावूनच द्यायचा असतो. रोजचा प्रतिबंधक पंप वेगळा आणि त्रासाच्या वेळचा वेगळा, हे विचारून घ्यावे. रोजच्या पंपानंतर तोंड खळखळून धुवावे, आणि मूल बरे दिसते म्हणून तो स्वतःहून बंद करू नये. ज्या मुलीची झोप आणि शाळा पंपामुळे वाचते, तिच्याबद्दल लपवण्यासारखे काही नाही. खोकल्याची झोप आणणारी औषधे मात्र दुकानातून परस्पर आणून लहान मुलांना देऊ नयेत.

घरातला आणि गल्लीतला धूर

जुमेरातचा लोबान, पाहुण्यांसाठी ऊद, रात्री डासांची कॉइल, अंगणात पेटलेली देगची चूल, दाराशी बसून ओढलेली बिडी. प्रत्येक जण म्हणतो, एवढ्याशाने काय होते? मुलाच्या अरुंद श्वासनळीला हे सगळे एकत्र मिळते. सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (र.) यांची एक आठवण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम (र.) ज्या दाईकडे होते, तिचे पती अबू सैफ लोहार होते. प्रेषित (स.) मुलाला भेटायला निघाले तेव्हा अबू सैफ भाता चालवत होते आणि घर धुराने भरले होते. हजरत अनस झपाझप पुढे गेले आणि त्यांना थांबायला सांगितले. भाता थांबला, मग मुलाला आणवले गेले. आदरासाठी थांबलेला तो भाता आम्हाला फार काही सांगून जातो. सन्माननीय पाहुण्यासाठी धूर थांबतो, तर धापणाऱ्या लेकरासाठी का थांबू नये?

गल्लीचा धूर एका घराच्या हातात नसतो. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचऱ्याला आग लागली तेव्हा गोवंडीच्या मुलांनी तो दिवसेंदिवस छातीत घेतला. भिवंडी आणि मालेगावात यंत्रमागाचा कापूसकण आहे. जिथे झोपायची खोली आणि माग एकाच छताखाली आहेत, तिथे बाळाचा पाळणा तरी दुसरीकडे हलवावा. कचरा जाळण्याबद्दल एकट्या आईने तक्रार करण्यापेक्षा मशिदीच्या जमातने लेखी अर्ज द्यावा.

लसीचेही तसेच. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. गोवरात मुलांचा जीव बहुतेक वेळा न्यूमोनिया घेतो. गोवराची लस, पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलची लस सरकारी केंद्रात मोफत आहे. न्यूमोकोकलची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देतात. डोस राहिला असेल तर आशाताईंना आजच विचारावे.

दुआ आणि दवा

प्रेषित (स.) यांना काही ग्रामीण लोकांनी विचारले होते, आम्ही औषधोपचार करावेत का? त्यांनी होकार दिला आणि सांगितले की अल्लाहने म्हातारपणाखेरीज प्रत्येक आजारावर इलाज ठेवला आहे. ज्या मुलाचे कारण अजून सापडले नाही, त्याच्या आईसाठी याहून मोठा दिलासा नाही; इलाज असतो, तो शोधायचा असतो. सूरह फातिहा पढून मुलावर दम जरूर करावा. तो रिक्षातही करता येतो.

आणि अशा आईला घरात कोणी 'वहमी' म्हणू नये. रात्र-रात्र श्वास ऐकणारा तिचा कान घरातले पहिले यंत्र आहे. तिने वही काढली तर पेन द्यावे, ती निघाली तर सोबत निघावे. अल्लाह सर्व लेकरांना सहज श्वास आणि निवांत झोप देवो. आमीन.