जुने रिव्हॉल्व्हर आणि परवाना : गैरसमज व वस्तुस्थिती

चिमूर आणि आसपासच्या जंगलपट्ट्यात जुन्या रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की एक समज हमखास पुढे येतो, तो असा की इंग्रजांच्या काळातील शस्त्र ही पुराणवस्तू असल्याने ते विकत घेण्यास किंवा बाळगण्यास परवाना लागत नाही. या समजाला आधार नाही असे नाही, मात्र तो अर्धाच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धर्तीच्या, पुराणवस्तूचे मूल्य असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्रांना सूट आहे. परंतु ते शस्त्र दुरुस्त करून अथवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये, ही त्याच वाक्यातील अट सूट सांगणारे सोयीस्करपणे गिळून टाकतात. गंजून अडकलेला घोडा, तुटलेली स्प्रिंग किंवा सैल झालेली मूठ हे सारे कारागिराच्या हातून सुधारणारे दोष असल्यामुळे ‘चालत नाही’ एवढ्या शब्दावर सूट मिळत नाही. अशा शस्त्राला १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूर क्रांतीची कथा जोडली, तरी त्याच्या कायदेशीर स्थितीत तसूभरही फरक पडत नाही.

खरी विसंगती पुढेच आहे. इंग्रजी अमदानीतील म्हणून जी रिव्हॉल्व्हरे दाखवली जातात, त्यांत .४५५ बोअरची वेब्ली आणि .३८० बोअरची एनफिल्ड ही लष्करी शस्त्रे ठळक आहेत. बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप, जे येथे इंचाच्या दशांश अपूर्णांकात सांगितले जाते. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीनुसार .३८० किंवा .४५५ ची कडा असलेली काडतुसे भरून झाडता येतील अशी रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित वर्गात मोडतात, म्हणजे जे ‘परवान्याविना चालते’ म्हणून विकले जाते, तेच केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय मुळीच बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षे कारावासाची तरतूद आहे. सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारे, कानपूरच्या आयुध निर्माणीतील बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर मात्र वेब्लीच्याच धर्तीवर बनलेले असून तेही नळी खाली मोडून उघडते. त्यामुळे नुसत्या आकारावरून ओळख पटवणे धोक्याचे असते आणि नळीवर किंवा चौकटीवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय काहीही ठरवता येत नाही.

तो आकडा, निर्मात्याचे नाव आणि क्रमांक यांवरच पुढची सारी मदार असते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार हे खुणेचे ठसे खोडणे किंवा बदलणे हा गुन्हा असून, ठसा खोडलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडते त्यानेच तो खोडला, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. म्हणून नव्याने पॉलिश करून आरशासारखे चकाकणारे जुने रिव्हॉल्व्हर हे ‘नीट ठेवलेले’ असल्याचे लक्षण मानू नये, कारण घासताना अक्षरांच्या कडा बुजतात आणि कधी क्रमांकही नाहीसा होतो. झीज बाहेरून कळत नाही. ती शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून नळी उजेडाकडे धरली असता आतील खड्ड्यांत, आणि घोडा चढवल्यावर काडतुसांचे चक्र बोटाने हलवले असता जाणवणाऱ्या डुगडुगण्यात दिसते.

विक्रेत्याकडे परवाना आहे म्हणून तो शस्त्रासोबत हस्तांतरित होतो, हा समजही चुकीचा आहे. परवाना व्यक्तीचा असतो, शस्त्राचा नव्हे. खासगी वापराचे शस्त्र विकणाऱ्याने ग्राहकाच्या नावपत्त्यासह जिल्हाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवणे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबणे कलम ५ मध्ये बंधनकारक आहे, आणि घेणाऱ्याजवळही स्वतःचा परवाना आधीपासून असावा लागतो.

बाकीच्या समजांचा समाचार थोडक्यात घेता येतो. वडिलांचे शस्त्र मुलाकडे आपोआप येत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतंत्र परवाना मागायचा असतो. तीन शस्त्रे बाळगण्याची मुभा २०१९ मध्ये दोनवर आली. रानडुकरांपासून पीक वाचवण्याच्या नावाखाली रिव्हॉल्व्हर मिळेल, ही तर भाबडी कल्पना म्हणावी लागेल, कारण कलम १३ पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा, म्हणजे गडचिरोलीकडे जिला ‘भरमार’ म्हणतात तिचा, आणि ती अपुरी पडल्यास गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाच विचार करते, आणि त्या भरमारलाही परवाना लागतोच. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या कोलारासारख्या गावांसाठी अडसर आणखी एक आहे : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय शस्त्राचा नवा परवाना देता येत नाही.