रायफलीवर किती काच पुरे?

सॅक पाठीला लावून साल्हेर चढलेल्या माणसाला ग्रॅमची किंमत समजावून सांगावी लागत नाही. निघताना हलकी वाटलेली प्रत्येक वस्तू शेवटच्या चढणीला आपलं वजन सांगू लागते. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एल्कच्या मागावर निघणारा शिकारी हाच हिशेब करतो. फरक इतकाच की त्याच्या पायाखालची जमीन बऱ्याचदा दहा हजार फुटांच्या वर असते, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. आणि खांद्याला रायफल असते.

एल्क हा सांबराच्याच कुळातला. मोठा नर ३०० किलोच्या पुढे जातो. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे जनावर पडलं की खरं ओझं तिथून सुरू होतं. मांस पाठीवर बांधून गाडीपर्यंत खेपा घालायच्या, आणि प्रत्येक खेपेला रायफल सोबत असतेच.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा खेळ थांबवला. तो थांबायलाच हवा होता, असं माझं ठाम मत आहे. तिथली व्यवस्था वेगळी आहे. परवाने मोजून दिले जातात, हंगाम ठरलेले असतात, आणि १९३७ च्या एका कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे जातो. अशा ठिकाणी शिकार करणाऱ्यावर एक जबाबदारी येते: गोळी जाईल ती नेमकी जावी, नाहीतर जाऊच नये. रायफलीवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, निवडताना वजनाइतकीच ही गोष्टही विचारात घ्यावी लागते.

गेल्या काही दशकांत रायफली फार हलक्या झाल्या. लाकडी दस्त्याच्या जागी कार्बन तंतूंचा दस्ता आला, नळी सडपातळ झाली, आणि सव्वादोन-अडीच किलोची डोंगरी रायफल दुकानात मिळू लागली. मग तिचा मालक तिच्यावर काय बसवतो? व्होर्टेक्सच्या रेझर मालिकेतला साडेचार ते सत्तावीस पट दाखवणारा, ५६ मिलिमीटर भिंगाचा स्कोप सुमारे १,३७५ ग्रॅमचा आहे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी तो उत्तम. डोंगरी रायफलीवर मात्र तो रायफलीच्या निम्म्याहून अधिक वजन एकटाच वाढवतो. दुसऱ्या टोकाला ल्युपोल्डचा अडीचपट, २० मिलिमीटर भिंगाचा ‘अल्ट्रालाइट’ आहे, जेमतेम १८४ ग्रॅमचा. तीन ते नऊ पटींचा, ४० मिलिमीटर भिंगाचा साधा स्कोप साधारण ३५० ते ४०० ग्रॅम भरतो.

जड स्कोप घेणारे दोन कारणं सांगतात: लांबचं मोठं दिसतं आणि संध्याकाळी उजेड जास्त मिळतो. दोन्ही कारणं तपासून पाहण्यासारखी आहेत.

आधी उजेडाचं. कोणताही स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे रोखला की डोळ्याकडच्या काचेत एक उजळ गोल टिकली दिसते. डोळ्यात शिरणारा सगळा प्रकाश त्या टिकलीतून येतो. तिचा व्यास काढायला सोपा आहे. पुढच्या भिंगाचे मिलिमीटर घ्यायचे आणि स्कोप किती पट मोठं दाखवतो त्या आकड्याने भागायचे. ३६ मिलिमीटरचं भिंग सहापटीवर ठेवलं तर टिकली ६ मिलिमीटरची. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते. बाहुलीपेक्षा टिकली मोठी असेल तर वरचा प्रकाश डोळ्याच्या आत जातच नाही. म्हणजे लहान भिंगाचा हलका स्कोप सांजवेळी पट कमी करून वापरला, तर डोळ्याला झेपेल तितका उजेड तो देतो. ५० किंवा ५६ मिलिमीटरच्या भिंगाची गरज लागते ती अंधारातही पट चढवून बघायचं असेल तेव्हा. जर्मनीत मचाणावर बसून संध्याकाळच्या पार शेवटी रानडुकराची वाट पाहणारे आठपट, ५६ मिलिमीटरचा स्कोप वापरत आले, आणि त्यांचं बरोबर आहे. ५६ भागिले ८ म्हणजे ७. पण त्यांना तो स्कोप घेऊन डोंगर चढायचा नसतो.

उजेडाच्या हिशेबात काचेच्या आकाराहून काचेवरचा लेप मोलाचा ठरतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये पुढचं भिंग, उलटी प्रतिमा सुलटी करणारी मधली भिंगं आणि डोळ्याकडची भिंगं असतात. असे बारा पृष्ठभाग धरले तर जवळजवळ ४० टक्के प्रकाश वाटेतच गेला. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप काढला, आणि आजच्या छोट्या स्कोपांच्या उजळपणाचं मूळ तिथे आहे. हातात पैसे मोजकेच असतील तर ते काचेच्या आणि लेपाच्या दर्जावर घालावेत. त्याचं ओझं होत नाही.

आता पटीचं. या वर्षानुवर्षांच्या वादात मी कमी पटीच्या बाजूने आहे. एल्कचं हृदय आणि फुप्फुसं मिळून मोठ्या परातीएवढी जागा होते. सहापटीच्या स्कोपमधून ३०० मीटरवरची परात ५० मीटरवर ठेवल्यासारखी दिसते. त्याहून जास्त लागतं कशाला? पट वाढली की हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि नजरेत मावणारं रान आक्रसतं. तीन ते नऊ पटींच्या नेहमीच्या स्कोपात १०० मीटरवर तीनपटीला साधारण ११ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, नऊपटीला जेमतेम साडेचार मीटरचं. ॲस्पेनच्या झाडांच्या दाटीत चाळीस पावलांवर एल्क उठला आणि स्कोप नऊपटीवर राहिला असेल, तर शिकाऱ्याला फक्त तपकिरी केस दिसतात. तो पुढचा खांदा आहे की मागची मांडी, हे कळत नाही. जखमी जनावरं निसटतात ती अशा वेळी. जॅक ओ’कॉनर ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात अनेक वर्षं बंदुकांवर लिहीत असे आणि कड्यांवरच्या रानमेंढ्यांची शिकार हा त्याचा ध्यास होता. त्याने चौपटीच्या स्कोपची बाजू सातत्याने मांडली.

नेम म्हणजे काही सगळं मोठं दिसणं नव्हे. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं त्या रायफलीवर मोठं करून दाखवणारी दुर्बीण नव्हती. त्या प्रकारात ती चालतच नाही.

हलकेपणाची किंमत एका ठिकाणी मात्र मोजावी लागते. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या रायफलीतून उडवलं तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. म्हणून हलक्या रायफलीवरच्या स्कोपची काच आणि डोळा यांत अंतर भरपूर हवं, निदान साडेतीन इंच. ते कमी पडलं की स्कोपची कड भुवईवर आदळते आणि चंद्रकोरीसारखी जखम होते. वजन वाचवताना या अंतराशी तडजोड करू नये. भिंग छोटं असण्याचा आणखी एक फायदा असा की स्कोप नळीच्या जवळ, बुटक्या कड्यांत बसतो, गाल दस्त्यावर नीट टेकतो आणि रायफल हातात वरच्या बाजूने जड होऊन कलंडत नाही. वरचे मोठे फिरते नॉब, नेम धरायची उजळणारी फुली आणि तिची बॅटरी हे सगळं वजनच आहे. ३० मिलिमीटरची जाड नळी घेतली म्हणजे उजेड वाढतो, हाही गैरसमज. तिने प्रामुख्याने नेम वर-खाली करायला जास्त वाव मिळतो.

मात्र भरवशाच्या बाबतीत काटकसर नको. मार्कस ल्युपोल्डचं एक हरीण स्कोपमध्ये आतून धुकं धरल्यामुळे हुकलं, अशी हकिगत त्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. त्यातूनच १९४७ मध्ये धुकं न धरणारा ‘प्लेन्समन’ स्कोप बाजारात आला. आज स्कोपच्या नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती सीलबंद करतात. एवढं करूनही, रायफल खडकावर आपटली तर स्कोप कितीही महाग असो, पुढची गोळी जनावरावर नाही, कागदी निशाण्यावर झाडून नेम तपासायचा.

जनावर शोधण्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण हवीच. रायफलीच्या स्कोपमधून रान न्याहाळणं म्हणजे झाडीपलीकडच्या अनोळखी माणसावरही नळी रोखणं. त्यामुळे स्कोपचे वाचवलेले दोन-तीनशे ग्रॅम त्या गळ्यातल्या दुर्बिणीच्या चांगल्या काचेवर खर्ची घालावेत.

स्कोप घ्यायला दुकानात जायचं ते दिवस मावळताना. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच स्कोप उजळ दिसतात. दुकानदाराला विचारून सुटा स्कोप बाहेर न्यावा, सहापटीवर ठेवावा आणि समोरच्या झाडाच्या बुंध्याशी, जिथे सावली सर्वांत गडद आहे तिथे, सालीच्या रेघा किती वेळ वेगळ्या दिसत राहतात ते पाहावं. कोलोरॅडोत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बार काढायची मुदत संपते. घड्याळ लावून तेवढा अर्धा तास उभं राहावं.